लबाड पट्टी

"मिस्त्री, दिसत नाही."

होनराव गुडघ्यांवर बसले होते. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला साठीचा माणूस, टेबलाच्या फळीला गाल टेकवून, एक डोळा मिटून बसला होता. दुसरा डोळा त्यांनी सावरटाकळी स्टेशनच्या पुठ्ठ्याच्या ऑफिसात घातला होता. ऑफिसची मागची भिंत मी अजून चिकटवली नव्हती, त्यामुळे स्टेशनमास्तर जिथं उभा राहायचा तिथून समोरच्या खिडकीबाहेर बघता येत होतं.

मी त्यांना बाजूला सरकायला सांगितलं आणि स्वतः वाकलो. खिडकीतून डाव्या हाताला मालधक्क्याची शेड होती, सागवानाची, चार दिवसांपूर्वीच मी घरून करून आणलेली. उजव्या हाताला पाण्याच्या टाकीचा दगडी चौथरा. आणि शेडचा कोपरा चौथऱ्याला असा झाकून गेला होता की दोघांत पोस्टकार्ड जाईल एवढीही फट नव्हती. फाटक त्यांच्या पलीकडे होतं. सरकून बघितलं, मान तिरकी करून बघितलं, चष्मा काढून बघितलं. फाटक काही दिसेना.

"खरंच की," मी म्हणालो.

होनराव तसेच जमिनीवर बसले आणि रडायला लागले. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग उठून जिन्याच्या तोंडाशी गेले आणि आईला हाक मारली. अव्वांचं वय तेव्हा ऐंशीला टेकलेलं, गुडघे गेलेले. तरी एकेक पायरी बसत उठत त्या माडीवर आल्या. होनरावांनी त्यांना पाटावर बसवून खिडकीशी डोळा लावायला लावला. अव्वा बराच वेळ बघत राहिल्या. "मी काय सांगत होते सगळ्यांना?" एवढंच म्हणाल्या आणि माझा हात हातात घेतला. माझी छाती तेव्हा दोन इंच फुगली होती, खोटं कशाला बोलू?

आता सगळं नीट सांगतो. मी अंबादास पांचाळ. रेल्वेच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. म्हणजे भट्टीत जो लोखंडाचा नाहीतर पितळेचा भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करायचा. तो वाळूत दाबायचा, त्याचा खळगा पडतो, त्यात धातू ओततात. नमुना चुकला की शंभर भाग चुकतात. त्यामुळे आम्ही लोक स्वभावानं जरा ताठच. आमचा सगळा कारभार सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाहेरच्या सुताराला सूतभर फरक म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे एका सुतासाठी साहेब नमुना जमिनीवर आपटायचा. पस्तीस वर्षांत माझा एकही नमुना आपटलेला नाही.

निवृत्तीनंतर घरात बसून आमच्या मंडळींचं डोकं खात होतो. तेव्हा एका जुन्या दोस्तानं सांगितलं की जुळे सोलापुरात एक होनराव म्हणून आहेत, घराच्या माडीवर छोट्या लाईनचं स्टेशन करताहेत, अगदी मापात, फुटाला अर्धा इंच धरून, आणि त्यांना हाताचा माणूस हवाय. मी म्हटलं, पोरखेळ. गेलो ते पुढचं दीड वर्ष तिथंच होतो.

त्यात काय गंमत आहे ते केल्याशिवाय कळायचं नाही. बाजारात तयार काही मिळत नाही, आणि मिळालं तरी ते विलायतेचं. आपल्या स्टेशनावरचा रांजण, तिरका झालेला कडुनिंब, मास्तरच्या क्वार्टरमागचं चुलीचं धुराडं, हे कोण विकणार? लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याच्या भिंती केल्या. जुने एक्सरे सोड्याच्या पाण्यात धुऊन त्यांच्या खिडकीच्या काचा केल्या. टाकीच्या दगडांसाठी अंड्याची टरफलं चिरडली. उदबत्तीच्या काड्यांचे छकड्याच्या चाकाचे आरे केले, आणि डब्याच्या पत्र्याची धाव बसवली. एकदा मी दोन दिवस एका छत्रीसाठी घालवले, तर आमच्या मंडळी म्हणाल्या, "मुलीच्या लग्नात मांडव घालायला एवढा वेळ दिला होतात का?"

पहिले काही महिने मला वाटलं, होनरावांना लहानपणीचं स्टेशन हवंय, बस. त्यांचे वडील तिथं स्टेशनमास्तर होते, होनराव अकरा वर्षांचे होईपर्यंत तिथंच वाढले. पुढं लाईन बंद झाली, स्टेशन पाडलं, आता तिथं बाभळी आहेत. पण मग माझ्या लक्षात आलं की हा माणूस फुलझाडांच्या कुंड्या, बाकडी, पाट्या यांच्याबाबत "तुम्ही कराल ते" म्हणतो, आणि शेड, टाकी, खिडकी आणि फाटक यांच्याबाबत मात्र सुतासुताला भांडतो. विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं.

फाटक स्टेशनच्या एका टोकाला होतं. ऑफिसच्या खिडकीला लागून एक हँडल होतं, ते फिरवलं की तारेनं फाटकाचे दोन्ही दांडे खाली यायचे. सदुसष्ट सालच्या माघात एक बैलगाडी रूळ ओलांडत असताना मास्तरनं दांडे खाली टाकले. बैलगाडी दोन दांड्यांच्या मध्ये अडकली, बैल बुजले आणि आगगाडी आली. एक बाई आणि दोन्ही बैल जागीच गेले. त्या बाईची नऊ वर्षांची मुलगी गाडीत मागं बसली होती, ती फेकली गेली म्हणून वाचली.

चौकशी झाली. मास्तर म्हणाले, मी बाहेर येऊन बघितलं तेव्हा रस्ता मोकळा होता, मग आत येऊन हँडल फिरवलं, आणि नवीन शेड झाल्यापासून खिडकीतून फाटक दिसतच नाही. पण ती नऊ वर्षांची पोर साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, मास्तर खिडकीतून आमच्याकडं बघत होते आणि हात फिरवत होते. मला त्यांचं तोंड दिसत होतं. तिला तोंड दिसलं म्हणजे त्या तोंडावरच्या डोळ्यांना तीही दिसली. मास्तरची नोकरी गेली. पाच वर्षांत मास्तरही गेले. अव्वांनी लोकांचे ब्लाऊज शिवून पोराला शिकवलं. एका लग्नात कुणीतरी मागून म्हणालं, "ही त्या फाटकवाल्या मास्तरची बायको," तेव्हापासून त्या कुठल्याच लग्नाला गेल्या नाहीत.

होनरावांकडे एकसंध नकाशा नव्हता. कुठल्या कुठल्या जुन्या माणसांकडून मिळवलेले सुटे कागद होते. शेडचा वेगळा, टाकीचा वेगळा, मधली अंतरं आकड्यांत लिहिलेली. "कागदावर कुणीही काहीही सिद्ध करतं, मिस्त्री," ते म्हणायचे. "मला डोळ्यांनी बघायचंय." हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि त्या दिवशी त्यांनी बघितलं.

आज याला आठ वर्षं झाली. होनराव रस्त्यात समोरून आले तर पलीकडची बाजू धरतात. अव्वा गेल्या तेव्हा मला कुणी कळवलं नाही, मी पेपरात वाचलं.

तर फाटक दिसत नाही हे कळल्यावर होनरावांनी दुसऱ्याच दिवशी चौकशी सुरू केली की ती मुलगी आता कुठं असते. कौसाबाई तिचं नाव. सावरटाकळीतच दिलेली, अठ्ठावन्न वर्षांची, नातवंडांची धनीण. होनरावांनी तिच्या मुलाशी फोनवर बोलून तिला रविवारी घरी बोलावलं. भांडायला नाही, ते मला म्हणाले, नुसतं दाखवायला. मला ते फार चांगलं वाटलं. मी म्हटलं, मग रविवारच्या आत ती बैलगाडी तयार करतो, आणि रुळावर उभी करायला मालगाडीची एक वाघीणसुद्धा.

वाघिणीची खालची चौकट पितळेची होती, होनरावांनी ती पुण्याच्या एका कारागिराकडून मापात करून आणली होती. वरचं लाकडी खोकं मी घरी माझ्या बाकावर केलं. साडेबारा इंच लांबीचं. गुरुवारी दुपारी जेवून उठलो आणि खोकं चौकटीवर ठेवलं. ते बाहेर आलं.

आधी त्या पुण्याच्या कारागिराला शिव्या दिल्या. मग टेपनं चौकट मोजली, ती बरोबर. ज्या पट्टीनं केलं तिनंच खोकं परत मोजलं, तेही बरोबर. दोन्ही बरोबर आणि एकावर एक बसत नाहीत, असं कसं होईल? खोकं किती बाहेर येतंय ते बघितलं. दीड सूत.

दीड सूत हा आकडा माझ्या चांगलाच ओळखीचा होता.

धातू निवला की आकसतो. पितळ फुटाला दीड सूत आकसतं. म्हणून पॅटर्नमेकर नमुना करतो तो मुद्दाम तेवढा मोठा. दर वेळी हिशोब करत बसायला नको म्हणून आमच्या पट्ट्याच वेगळ्या असतात. दिसायला साध्या पट्टीसारखी पट्टी, इंच, सूत सगळं आखलेलं, पण तिचा प्रत्येक फूट खऱ्या फुटापेक्षा दीड सूत लांब. वर्कशॉपात आम्ही तिला लबाड पट्टी म्हणायचो. तिनं लबाडी केली तरच ओतलेली वस्तू खरी निघते.

निवृत्तीच्या दिवशी मी माझ्या दोन्ही पट्ट्या घरी आणल्या होत्या, साधी आणि लबाड. लबाड पट्टीवरचा ठसा घासून गेला होता म्हणून तिच्या भोकात मी लाल दोरा बांधून ठेवला होता. मी उठून खण उघडला. दोरा कुठल्याच पट्टीला नव्हता. मंडळींना विचारलं. दिवाळीत खण आवरताना मळका दिसला म्हणून काढून टाकला, म्हणाल्या. मी त्यांच्यावर ओरडलो. नंतर मीच खाली मान घालून बसलो. दोरा त्यांनी काढला होता, पण पट्टी ताडून बघायचं काम माझं होतं.

स्टेशन आणि टाकी मी होनरावांच्या माडीवर बसून त्यांच्या टेपनं केली होती. शेड लाकडाची, म्हणून ती घरी केली होती. माझ्या बाकावर, माझ्या पट्टीनं.

शुक्रवारी सकाळी, चौथऱ्याला रंगाचा हात मारायचाय असं सांगून मी होनरावांकडे गेलो. होनराव बाजारात गेले होते. माडीवर जाऊन त्यांच्या टेपनं शेड मोजली. तीस इंच हवी होती. तीस इंच आणि पावणेचार सूत निघाली. शेडचा एकच कोपरा आम्ही फळीवर आखून घेतला होता, फलाटाकडचा. उरलेली शेड लाकूड जिथं संपेल तिथं संपली होती, टाकीच्या बाजूला.

शेडच्या कडेला फळीवर पावणेचार सूत मागं खूण केली, म्हणजे खरा कोपरा जिथं यायला हवा होता तिथं. मग शेड उचलून बाजूला ठेवली आणि त्या खुणेवर टाचणी उभी केली. मास्तरच्या खिडकीतून दोरा घेतला, टाचणी आणि टाकीचा चौथरा यांच्यामधून ओढला आणि ताणून फाटकापर्यंत नेला. दोरा सरळ गेला. खरोखरच्या मापात सांगायचं तर फूटभर रुंदीची फट होती, आणि त्या फटीतून बरोबर रुळांच्या मधली जागा दिसत होती. जिथं दोरा टेकला तिथं मी पेन्सिलीनं एक बारीक टिंब केलं. का केलं, मला माहीत नाही. मोजलं की खूण करायची, ही हाताची सवय. शेड परत जागेवर ठेवली.

तेवढ्यात खालून अव्वांनी हाक मारली. उप्पीट केलं होतं, गरम आहे तोवर खा म्हणाल्या. मी खाली जाऊन बसलो. त्या समोर बसून सांगत होत्या की काल धाकट्या बहिणीला फोन केला होता, एकोणपन्नास वर्षांनी तिला सांगितलं की बघ, यांचं खरं होतं. पुढच्या महिन्यात बहिणीच्या नातीचं लग्न आहे. "जाईन म्हणते मी," अव्वा म्हणाल्या. "साडी कोणती नेसू, तेच कळंना."

मी उप्पीट खाल्लं. चांगलं झालंय म्हटलं. आणि घरी आलो.

मी का गप्प बसलो हे त्यानंतर मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. अव्वांसाठी, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. म्हातारी आनंदात आहे, माणूस मरून चव्वेचाळीस वर्षं झाली, आता कुणाचं काय बिघडतंय? पण ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं हे की पस्तीस वर्षांत ज्याचा नमुना आपटला गेला नाही, त्या अंबादास पांचाळनं लबाड पट्टीनं शेड केली, हे मला तोंडानं सांगायचं नव्हतं. ते सांगायची मला लाज वाटत होती.

वाघिणीचं खोकं मी शुक्रवारी रात्रीपर्यंत दुसरं केलं. ते बरोबर बसलं.

रविवारी कौसाबाई अकराच्या गाडीनं आली. काष्ट्याचं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत अव्वांसाठी शेतातल्या शेंगा. एकटीच आली होती. घरात शिरताना पायरीशी थबकली, तेव्हा अव्वाच म्हणाल्या, "ये गं, आत ये." दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीची आई त्या फाटकात गेली होती आणि दुसरीचा संसार. मी कोपऱ्यात उभा होतो. होनरावांनी माझी ओळख करून दिली, हे मिस्त्री, यांनीच सगळं केलंय, सुतासुताच्या मापात.

माडीवर गेल्यावर कौसाबाई टेबलापाशी आली. फलाट, रांजण, कडुनिंब बघत टेबलाच्या कडेनं चालत राहिली. कडुनिंबापाशी थोडं हसली. "हितं आमी लिंबोळ्या येचायचो," म्हणाली. मग फाटकापाशी आली. मी केलेली बैलगाडी तिथं उभी होती, दोन्ही दांड्यांच्या मध्ये.

"हितं न्हाई," ती म्हणाली. तिनं एका बोटानं गाडी सरकवली, जरा पुढं, जरा डावीकडं, आणि बोट काढून घेतलं. "हितं व्हतो. बैलं दांड्यापाशी, आन् मी हितं मागं, टेसनाकडं तोंड करून."

मी वाकून बघितलं. गाडीची मागची बाजू माझ्या पेन्सिलीच्या टिंबावर होती. सूतभरही इकडे नाही की तिकडे नाही. एकोणपन्नास वर्षांनी, कुठलीही पट्टी न घेता त्या बाईनं बोटानं माप घेतलं होतं.

होनरावांनी तिला ऑफिसच्या मागं आणलं, पाटावर बसवलं, खिडकीशी डोळा कसा लावायचा ते दाखवलं. आवाज अगदी मऊ ठेवला होता त्यांनी. "तुमची गाडी दिसते का, बघा."

ती बघत राहिली. डोकं जरा हलवलं, परत बघितलं.

"न्हाई दिसत."

"नीट बघा. घाई नाही."

"न्हाई दिसत, सायेब."

अव्वा खुर्चीत बसल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. कौसाबाईनं त्यांच्याकडे बघितलं. पाटावरून उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि जाऊन अव्वांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"ल्हान व्हते मी," ती म्हणाली. "चुकलं माझं. तुमच्या घराचं वाटुळं झालं माझ्यापायी."

अव्वांनी तिला उठवून छातीशी धरलं. दोघी रडल्या. होनराव भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे तोंड करून उभे होते, फोटोला त्या दिवशी ताजा हार होता. मी टेबलापाशी उभा होतो. माझ्या खिशात टेप होता. एक शब्द बोलायचा होता मला, आणि तोंड उघडेना. चहा आला. मी चहा प्यालो.

होनराव म्हणाले, मिस्त्री, तुम्ही यांना स्टँडवर सोडाल का? मी रिक्षा केली. स्टँडवर तिची गाडी लागायला वीस मिनिटं होती. बाकड्यावर बसलो. तिची पिशवी माझ्या हातात होती, त्यात आता अव्वांनी दिलेली साडी होती.

"मिस्त्री, लई झ्याक केलंय तुमी," ती म्हणाली. "आमचं टेसन हुबंच केलं जणू."

मी मान हलवली.

"पर मला दिसलं व्हतं," ती म्हणाली. शांतपणे म्हणाली, वाद घालायचा नव्हता तिला. "मास्तरचं तोंड दिसलं व्हतं मला. अजून दिसतं. त्या खेळण्यात न्हाई दिसलं, त्याला मी काय करू? पर त्या म्हातारीकडं बगवंना. म्हटलं, माझी आई तर गेली ती गेली. हिला जरा बरं वाटत आसंल तर आपून चुकलो म्हणावं. आपलं काय जातंय? म्हणून पडले पाया."

ते ऐकलं आणि माझा बांध फुटला. मला वाटलं, ही बाई एवढी मोठी आहे, हिला सांगितलं तर ही मलाही माफ करील. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तीन दिवस ते माझ्या मनात होतं. मी सगळं सांगून टाकलं. शेड लांब झालीय, पट्टी चुकली, माझी चूक. खऱ्या मापात फट आहे. तुम्ही गाडी ठेवलीत, बरोबर तिथंच दिसतं. तुम्ही खरं बोलला होतात.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं तिला आनंद होईल.

"तुमास्नी कवा कळलं?" तिनं विचारलं.

"गुरुवारी."

"बेस्तरवारी?" तिनं बोटांवर मोजल्यासारखं केलं. "म्हंजे मी पाया पडत व्हते तवा तुमास्नी ठावं व्हतं?"

"हो."

"आन् तुमी बगत हुबं ऱ्हायला."

तिनं माझ्या हातातून पिशवी काढून घेतली. चिडलेली नव्हती ती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मास्तरबी असंच बगत हुबं व्हते," ती म्हणाली आणि गाडी लागली नव्हती तरी उठून पलीकडच्या बाकड्यावर जाऊन बसली.

त्या रात्री मी जेवलो नाही. आमच्या मंडळींनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा सांगितलं सगळं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग उद्या लवकर उठा."

सकाळी बारीक दातांची करवत घेतली, पॉलिश पेपर घेतला, आणि साधी पट्टी घेतली. दोन्ही पट्ट्या टेपला लावून ताडून बघितल्या, लबाड पट्टीला नवा दोरा बांधला, मग निघालो. होनरावांच्या घरासमोर पोचलो तेव्हा आतून अव्वांचा आवाज येत होता, त्या कुणाला तरी फोनवर लग्नाची तारीख विचारत होत्या. मी बेल वाजवली.

होनरावांनी दार उघडलं. अंघोळ करून आले होते, कपाळाला भस्म, चेहरा असा मोकळा की त्या दीड वर्षात मी तसा पाहिला नव्हता. माझ्या हातातल्या करवतीकडे बघून हसले.

"काय हो मिस्त्री, आता काय राहिलं?"

"पावणेचार सूत," मी म्हणालो.